बसचा जिना आणि माणसाचे हृदय



व्यायामाने प्रकृती सुधारते, एवढी गोष्ट सांगण्यासाठी वसंत व्याख्यानमालेचे एक पुष्प कशाला खर्ची घालावे, असे कोणी विचारील. ही गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनाही ठाऊक होती. गावोगाव तालमी होत्या, जोरबैठका होत्या. सुश्रुताने तर आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा, असे मापही घालून ठेवले आहे. परंतु एखादी गोष्ट ठाऊक असणे निराळे आणि ती सिद्ध होणे निराळे. शरीराची हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांनिशी कधी सिद्ध झाला, कोठे झाला, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या शरीरावरून सिद्ध झाला, हा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तो पैलवानांवरून सिद्ध झाला नाही, ऑलिंपिकच्या खेळाडूंवरून नाही आणि योगाभ्यासी पुरुषांवरूनही नाही. तो सिद्ध झाला लंडनच्या दुमजली बसचा जिना दिवसभर चढउतर करणाऱ्या कंडक्टरवरून. आम्ही कामगार संघटनेत काम करणारे. वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. पण हा इतिहास जेवढा वैद्यकाचा तेवढाच कामगारांचा आहे, म्हणून तो मांडण्याचे धाडस करतो.

प्रथम थोडे मागे जाऊ. इटलीत मोदेना येथे बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. १७०० साली त्यांनी कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घराचा मैलाखड्डा घाईघाईने उपसणाऱ्या एका मजुराची अवस्था पाहून आपल्याला हा विषय सुचला, असे ते सांगतात. रोग्याला काय काय विचारावे, याची प्राचीन ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस यांच्यापासून चालत आलेली एक यादी होती. रामाझ्झिनींनी तीत एका प्रश्नाची भर घातली: “तुझा धंदा कोणता?” हा साधा प्रश्न विचारायला वैद्यकाला दोन हजार वर्षे लागली! त्यांनी शिंपी आणि चांभार यांच्याविषयी लिहिले आहे. दिवसभर वाकून, एका जागी बसून काम करणाऱ्या या लोकांच्या पाठी वाकतात, अंग शिथिल होते. त्यांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी अंग हलवावे, असा त्यांचा सल्ला आहे. ‘सुट्टीच्या दिवशी तरी’ हे शब्द श्रोत्यांनी लक्षात ठेवावेत. सल्ला उत्तम आहे. पण त्यात सुट्टी असते हे गृहीत धरलेले आहे. ती नसेल त्याने काय करावे, हा प्रश्न शेवटी पुन्हा आपल्यापुढे येणार आहे.

आता एकदम विसाव्या शतकात आणि लंडन शहरात येऊ. १९३७ सालच्या १ मे रोजी लंडनच्या बसकामगारांनी संप पुकारला. सुमारे पंचवीस हजार ड्रायव्हर-कंडक्टर कामावरून उतरले. १२ मे रोजी सहाव्या जॉर्ज बादशहांचा राज्यारोहण समारंभ होता. देशोदेशीचे पाहुणे शहरात लोटले होते आणि रस्त्यावर बस नव्हती. संपकऱ्यांची मागणी पगारवाढीची नव्हती. कामाचा दिवस साडेसात तासांचा करा, ही ती मागणी होती, आणि तिचे मुख्य समर्थन प्रकृतीचे होते. गाड्यांचा वेग वाढला, वाहतूक वाढली, पाळ्या वेळीअवेळी लागतात, जेवणाला धड वेळ मिळत नाही, पोटाचे विकार जडतात, असे त्यांचे म्हणणे होते. चार आठवड्यांनी, २८ मे रोजी, संप मिटला. साडेसात तास काही मिळाले नाहीत. पण एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. बसवरचे काम माणसाच्या शरीराचे काय करते, हा प्रश्न डॉक्टरांच्या आधी बसकामगारांनीच चव्हाट्यावर मांडला होता. योगायोग असा की, त्याच १९३७ साली मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्यांदा दुमजली बस धावू लागली. तेव्हा पुढची हकीकत समजायला आपल्याला लंडनला जाण्याची गरज नाही. खाली बसलेला ड्रायव्हर आणि खालीवर फिरणारा कंडक्टर हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिलेले आहे.

दुसरे महायुद्ध संपले, आणि इंग्लंडच्या डॉक्टरांना एक नवे संकट जाणवू लागले. क्षय, घटसर्प वगैरे जुने शत्रू मागे हटत होते. पण चाळिशी-पन्नाशीतले धडधाकट दिसणारे पुरुष हृदयाच्या झटक्याने पटापट कोसळत होते. कारण कोणालाच नीट सांगता येईना. व्यायामाचे नाव त्यावेळी फारसे कोणी घेत नव्हते. उलट चाळिशी उलटलेल्या माणसाने हृदयावर ताण येऊ देऊ नये, असाच समज होता आणि झटका येऊन गेलेल्या रोग्याला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत.

अशा वेळी, १९४८ साली, तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने सामाजिक वैद्यकाचा एक विभाग काढला आणि त्याची सूत्रे डॉ. जेरी मॉरिस यांच्याकडे आली. मॉरिस यांचा जन्म १९१० साली लिव्हरपूल येथे, पोलंडमधून आलेल्या एका ज्यू कुटुंबात झाला आणि ते ग्लासगो शहरात वाढले. महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलातून ते हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात काम करून गेले होते. रोग हा एकट्यादुकट्या माणसाच्या शरीरात जन्मत नाही, तो त्याच्या राहणीत आणि कामात जन्मतो, ही त्यांची धारणा होती. म्हणून हृदयविकाराचे मूळ शोधताना त्यांनी रामाझ्झिनींचाच प्रश्न नव्याने विचारला: तुझा धंदा कोणता?

निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची त्यांनी माहिती जमविली. त्यांत लंडनच्या बस, ट्राम, ट्रॉलीबस आणि भुयारी रेल्वे चालविणारे ३५ ते ६४ वर्षे वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष होते. या निवडीतली खुबी पाहा. ड्रायव्हर आणि कंडक्टर हे एकाच डेपोतून निघतात, एकाच गाडीवर असतात, एकाच धुरात श्वास घेतात, जवळपास सारखाच पगार घेतात आणि सारख्याच वस्तीत राहतात. फरक मुख्यतः एकच. ड्रायव्हर पाळीचा नव्वद टक्क्यांहून अधिक वेळ बसून असतो. कंडक्टर गाडीभर हिंडतो आणि जिना चढतो, उतरतो. मॉरिस यांच्या माणसांनी पायऱ्याही मोजल्या. कंडक्टर एका दिवसाच्या कामात पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत होता. प्रयोगशाळेत लाखो रुपये ओतून जो प्रयोग उभा राहिला नसता, तो लंडनच्या रस्त्यावर रोज आपोआप चालला होता. पाहणारा डोळा तेवढा हवा होता.

आकडे हाती आले. दर हजार ड्रायव्हरांत वर्षाला हृदयविकाराचे सरासरी २.७ नवे रोगी निघत. दर हजार कंडक्टरांत १.९. म्हणजे जेथे दहा हजार ड्रायव्हरांत २७ माणसे आजारी पडत, तेथे तेवढ्याच कंडक्टरांत १९ पडत. एवढेच नव्हे, तर ड्रायव्हरांना हा आजार लवकरच्या वयात गाठी, तो अधिक तीव्र असे, आणि पहिल्या झटक्यातच माणूस दगावण्याचे प्रमाण त्यांच्यात ठळकपणे अधिक होते. आठ माणसांचा फरक कागदावर लहान दिसतो. पण ही आठ माणसे म्हणजे आठ कुटुंबांचे कर्ते पुरुष होत, हे ज्याने डेपोच्या फाटकाशी शोकसभा पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही.

येथे मॉरिस यांचा संयम पाहण्यासारखा आहे. हाती एवढा शोध लागूनही ते छापखान्याकडे धावले नाहीत. बसवर जे दिसले ते दुसऱ्या धंद्यातही दिसते का, हे त्यांनी आधी पडताळले. त्यासाठी त्यांनी टपालखाते घेतले. पायी आणि सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन एका बाजूला. टेलिफोनवर बसणारे आणि टेबलाशी बसणारे कारकून दुसऱ्या बाजूला. तेथेही हिंडणाऱ्यांचे हृदय बसणाऱ्यांच्या हृदयापेक्षा सुरक्षित निघाले. मग १९५३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन भागांत हा निबंध प्रसिद्ध झाला. व्यायामाच्या आधुनिक शास्त्राचा जन्म बहुतेक जाणकार तेथूनच धरतात.

निबंधावर आक्षेप आले, आणि ते यावेत हेही योग्यच. सर्वांत मोठा आक्षेप असा की, लठ्ठ माणूस मुळातच जिना चढायला नको म्हणून ड्रायव्हर होत असेल. मग दोष बसण्याचा कसा? मॉरिस यांनी याचे उत्तर शोधले ते शिंप्याच्या वहीत! बसकामगारांना कंपनीकडून गणवेश मिळे आणि प्रत्येकाच्या पाटलोणीच्या कमरेचे माप नोंदलेले असे. १९५६ साली या मापांवर त्यांनी एक निबंध लिहिला. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच जास्त रुंद निघाल्या, आणि तरुण वयापासूनच तशा होत्या. म्हणजे आक्षेपात काही तथ्य होते, आणि ते त्यांनी लपविले नाही. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, जाडा ड्रायव्हर आणि जाडा कंडक्टर, अशा जोड्या लावून पाहिल्या, तरीही अकस्मात मृत्यूचे प्रमाण कंडक्टरांतच कमी भरले. पोट सुटलेल्या कंडक्टरलाही जिना तारीत होता. आज जे ‘वजन उतरले नाही तर चालून काय उपयोग’ म्हणून चार दिवसांत फिरणे सोडून देतात, त्यांनी ही गणवेशाची वही डोळ्यांपुढे ठेवावी.

नियमित हालचालीने शरीरात नेमके काय घडते, हे पुढच्या संशोधकांनी पुष्कळसे उलगडले आहे. हृदय हा स्नायूच आहे. रोजच्या कामाने तो बळकट होतो, एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलतो, म्हणून विश्रांतीच्या वेळी त्याला कमी ठोके पुरतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर लवचिक राहते, रक्तदाब उतरतो. काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून मधुमेह दूर राहतो आणि असलेला आटोक्यात येतो. हाडांवर भार पडला की हाडे घट्ट राहतात. झोप लागते, मनाची उदासी हटते. औषधाच्या दुकानात एवढे गुण असलेली गोळी मिळत नाही. मात्र हा लाभ साठवून ठेवता येत नाही. तरुणपणी आखाडा गाजविलेला माणूस पुढे वीस वर्षे गादीवर बसला, तर त्या जुन्या कसरतीचे व्याज त्याला मिळत नाही.

मॉरिस यांना एक गोष्ट फार लवकर उमगली. यंत्रे वाढणार, कामातली हालचाल घटणार आणि उद्याचा कामगार बहुतांशी खुर्चीवर बसणार. मग त्याचे हृदय कोण राखणार? म्हणून त्यांनी सरकारी कचेऱ्यांतील ४० ते ६४ वर्षांच्या सुमारे सतरा हजार पुरुषांचा अभ्यास केला. पूर्वसूचना न देता सोमवारी सकाळी त्यांना प्रश्नपत्रिका देत आणि मागच्या शुक्रवारी-शनिवारी तुम्ही काय काय केले ते लिहा, असे सांगत. १९७३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात पोहणे, झपझप चालणे, बागेत खोदकाम करणे असा दमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे एकतृतीयांश होता. कामात नसलेली हालचाल फुरसतीतून भरून काढता येते, हे यावरून दिसले. मग प्रश्न उरतो तो फुरसतीचा.

आता अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत जाऊ, कारण याच प्रश्नाची दुसरी बाजू तेथील गोदी कामगारांनी दाखविली. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत १९३४ साली मोठा संप झाला. ५ जुलै रोजी पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे पडली. त्या लढ्यातून जी संघटना बळकट झाली, तिच्या सभासदांची १९५१ साली सामुदायिक आरोग्यतपासणी करण्यात आली. त्या पायावर डॉ. राल्फ पॅफेनबार्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६,३५१ गोदी कामगारांचा २२ वर्षे मागोवा घेतला. १९७५ साली आकडे प्रसिद्ध झाले. कामाच्या दर दहा हजार वर्षांमागे हृदयविकाराचे मृत्यू जड काम करणाऱ्यांत सुमारे २७, मध्यम काम करणाऱ्यांत ४६ आणि हलके काम करणाऱ्यांत ४९ भरले. जोराच्या कामाचे वारंवार येणारे झटके हृदयाला संरक्षण देतात, असे डॉक्टरांचे अनुमान होते. पण अभ्यास चालू असतानाच ते काम नाहीसे होत होते. १९६० साली संघटनेने मालकांशी करार केला: यंत्रे येऊ द्या, पण कोणाला कामावरून काढू नका आणि निवृत्त होणाऱ्याला त्याचा वाटा द्या. पाठीवरचे पोते गेले, कंटेनर आला. पाठ वाचली, पण हृदयाचे काय? त्याची तरतूद करारात नव्हती, कारण ती करायला हवी हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

यावर कोणी मालक म्हणेल, “मग तुमचे हमाल आणि माथाडी तर भाग्यवानच! त्यांना आम्ही फुकट व्यायाम देतो.” या युक्तिवादाचा समाचार घेतला पाहिजे. कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामावर फार शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका इतरांहून १८ टक्क्यांनी अधिक दिसला. याचा अर्थ कंडक्टरचा जिना खोटा ठरला असा नाही. व्यायाम करणारा माणूस दमला की थांबतो. मजुराला भोंगा होईपर्यंत थांबता येत नाही. व्यायामात हृदय थोडा वेळ जोराने चालते आणि मग विसावते. आठ-दहा तासांच्या ओझ्याखाली रक्तदाब चढलेलाच राहतो, रात्रीची झोपही तो उतरवायला पुरी पडत नाही. त्यात पोटाला कमी, उन्हातान्हात काम आणि आजारपणात रजा नाही. सुश्रुताचे निम्म्या शक्तीचे माप येथे आठवते. ते माप मुकादमाच्या वहीत कधी लिहिले गेले नाही.

म्हणजे बसणाऱ्याला हालचाल हवी आणि कष्टणाऱ्याला विसावा हवा. दोघांनाही हवा तो स्वतःचा वेळ. आता रामाझ्झिनींच्या सुट्टीकडे परत येऊ. त्यांच्या ग्रंथाला १८४ वर्षे झाली तेव्हा, १८८४ साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, ह्या त्यांच्या मागण्या होत्या. अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. अर्ध्या तासासाठी आणि एका दिवसासाठी एवढा खटाटोप! रविवारची सुट्टी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडावा लागला. पुढे टप्प्याटप्प्याने तास उतरत गेले आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ४८ तासांचा आठवडा घालून दिला. आज आपण रविवारी सकाळी टेकडीवर फिरायला जातो, तेव्हा त्या फिरण्याखाली या सह्यांचा पाया आहे. आणि हा पाया कायमचा पक्का झाला असे कोणी समजू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास तेच राहतील, कामगाराची संमती घेतली जाईल, असे सांगण्यात आले. पण नोकरी टिकवू पाहणाऱ्या माणसाची संमती किती मोकळी असते, हे चळवळीतल्या माणसाला विचारावे. बारा तास काम, दोन-तीन तास प्रवास. उरलेल्या वेळात जेवावे, झोपावे, की जोर काढावेत?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढ माणसाला आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला आहे; रोज अर्धा तास झपझप चालणे, एवढाच त्याचा अर्थ. तेवढाही न करणारे भारतात जवळजवळ निम्मे प्रौढ आहेत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झाला. आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक आहे. याला केवळ आळस म्हणणे सोपे आहे. पहाटे पाण्यासाठी उठणारी आणि रात्री भांडी घासून निजणारी बाई आळशी नसते. तिला राबणे आहे, फिरणे नाही. संध्याकाळी ती एकटी मोकळ्या मनाने चालू शकेल असा रस्ता आपण तिला दिला आहे काय? पदपथ दुकानांनी आणि गाड्यांनी अडविला, मैदान लग्नमंडपाला भाड्याने दिले, शाळेने खेळाचा तास गणिताला दिला. आणि मग लोकांनी व्यायाम करावा म्हणून भिंतीवर सुविचार लिहिला. हे म्हणजे विहीर बुजवून पाणी पिण्याचे महत्त्व सांगण्यासारखे झाले.

म्हणून दोन गोष्टी सांगून आवरते घेतो. एक स्वतःसाठी: दुकानदार, कारकून, शिक्षक, जे जे दिवसभर बसतात, त्यांनी आपला जिना शोधावा. बाजाराला पायी जावे, एक थांबा आधी उतरावे, तासाभराने खुर्ची सोडावी. पायऱ्यांना वर्गणी लागत नाही. दुसरी सर्वांसाठी: कामाचे तास, मधली विश्रांती, मैदान आणि पदपथ यांचा प्रश्न आला की तो आरोग्याचाच प्रश्न आहे असे समजून नगरपालिकेत आणि युनियनमध्ये आवाज उठवावा. पहिली गोष्ट दुसरीवाचून फार थोड्यांच्या उपयोगी पडते.

मॉरिस यांचा स्वतःचा प्रवास याच दिशेने झाला. पायऱ्या मोजणारे हे डॉक्टर पुढे इंग्लंडमधील श्रीमंत-गरिबांच्या आरोग्यातील तफावत तपासणाऱ्या समितीत होते. तिचा अहवाल १९८० साली आला आणि सरकारने तो सुट्टीच्या दिवशी, अवघ्या २६० प्रती काढून, गुपचूप प्रसिद्ध केला. १९९६ साली ऑलिंपिक समितीचा क्रीडाशास्त्राचा पहिला पुरस्कार मॉरिस आणि पॅफेनबार्गर यांना विभागून मिळाला. आणि २००० साली, वयाच्या नव्वदीत, मॉरिस यांनी एक निबंध लिहिला: निरोगी राहायला माणसाला कमीत कमी किती मिळकत लागते? अन्न आणि घरभाडे यांच्या जोडीला त्यांनी व्यायामाचा आणि माणसांत मिसळण्याचा खर्चही हिशेबात धरला. किमान वेतनाच्या वाटाघाटीत आजवर कोणी व्यायामाचा आकडा मांडल्याचे आम्ही ऐकलेले नाही. तो मांडायला हवा. २००९ साली, शंभरीला काही महिने उरले असताना, ते वारले.

लंडनच्या जुन्या दुमजली बस ९ डिसेंबर २००५ रोजी नेहमीच्या मार्गांवरून निघाल्या आणि त्यांच्याबरोबर जिना चढणारा कंडक्टरही गेला. मुंबईच्या जुन्या दुमजली बस १५ सप्टेंबर २०२३ रोजी थांबल्या. ज्या कंडक्टरांनी जगाला व्यायामाचे शास्त्र दिले, त्यांची नावे त्या निबंधात नाहीत. ती केवळ आकड्यांत आहेत. आपल्या शरीराने त्यांनी जे सिद्ध करून दिले, त्याचा लाभ त्यांच्या जातीच्या कष्टकऱ्यांना मिळावा, एवढे देणे आपण लागतो.